आग्रा रोडवरचे मुक्काम

घाटकोपर पश्चिमेतून जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग आज मॉल, दवाखाने, फर्निचरची दुकानं आणि मेट्रोची कामं यांनी भरून गेला आहे. पण हाच रस्ता पूर्वी आग्रा रोड होता, आणि इथल्या जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. शीवहून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला पोचणारा हा रस्ता खरोखर आग्र्यापर्यंत जायचा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ अशी त्याची सरकारी ओळख होती आणि लांबी ११६१ किलोमीटर. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा या एका रस्त्याचे वेगवेगळ्या क्रमांकांचे तुकडे झाले. वाट मात्र तीच राहिली. नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, मग नर्मदा ओलांडून इंदूर.

उत्तरेकडे गाडीनं सहलीला निघायचं म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे थेट मनाली किंवा लडाख येतं. मधला हजारेक किलोमीटरचा पट्टा रात्रीत कापून टाकायचा असा बेत असतो. मला हा पट्टा हीच खरी सहल वाटते. कारण या वाटेवर प्रवाशाच्या मुक्कामाची सोय करण्याचा इतिहास जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे, आणि तो दगडात, विहिरींत, वाड्यांत आणि जेवणात अजून दिसतो.

त्यात आता कॅराव्हॅनची भर पडली आहे. झोपायची जागा, छोटी ओटावजा चूल, शौचालय आणि पाण्याची टाकी एकाच गाडीत बसवलेली असते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयानं २०१० मध्ये आणि महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण आणलं. त्यात गाड्यांइतकंच महत्त्व कॅराव्हॅन पार्कला आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात अशा गाड्या लोकप्रिय झाल्या त्या केवळ मोठ्या रस्त्यांमुळे नव्हेत. ठिकठिकाणी गाडी लावली की नळ, वीज आणि मैलापाण्याची नळी जोडता येते, म्हणून झाल्या. आपल्याकडे ही साखळी अजून विरळ आहे, त्यामुळे गाडीचं पोट कसं चालतं हे निघण्याआधी समजून घ्यावं लागतं.

गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायला, दुसरी घरच्या कामाला. दुसरी बॅटरी गाडी चालताना भरते किंवा छतावरच्या सौर पट्ट्यांवर. दिवे, पंखा, मोबाइल, लहान फ्रिज एवढं ती सहज ओढते. वातानुकूलन मात्र तिच्यावर रात्रभर चालत नाही, त्याला बाहेरची वीज किंवा जनरेटर हवा. पाण्याचंही तसंच. बादलीभर आंघोळीला पंधरा-वीस लिटर जातात. टाकी शंभर लिटरची असेल तर चौघांची आंघोळ आणि थोडी भांडी यातच ती तळाला जाते. सांडपाणी आणि शौचालयाचं मैलापाणी वेगवेगळ्या टाक्यांत साठतं, आणि ते शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात सोडून देणं हा गुन्हा मानावा इतकं वाईट आहे. म्हणून मोठ्या पंपांवर, हॉटेलच्या आवारात किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासात आधी विचारून मुक्काम ठरवायचा. महिने निवडायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात धुळे-शिरपूरला पारा चाळिशी ओलांडून वर जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात झोप लागत नाही.

घाटकोपरकरासाठी या रस्त्याची पहिली ओळख पाण्याची आहे. १८९२ मध्ये तानसा तलाव सुरू झाला आणि तेव्हापासून मुंबईची तहान शहापूर तालुक्याशी जोडली गेली. तानसाच्या जाडजूड जलवाहिन्या विद्याविहार-घाटकोपरच्या वस्त्यांमधून जातात, त्यांच्या कडेनं पिढ्या वाढल्या. पुढे वैतरणा आणि भातसा आले. भिवंडीची गोदामं मागे टाकून पडघा, आसनगाव, शहापूर असं जाताना आपण आपल्याच नळाच्या उगमाकडे जात असतो. डावीउजवीकडे माहुलीचे सुळके, साग आणि ऐनाची झाडी, ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांची गावं. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणं त्यांच्या शिवारात, पाणी आपल्या गच्चीवरच्या टाकीत. इथे गाडीची टाकी भरायला थांबाल तर गावच्या विहिरीवर हक्क सांगू नका. घरूनच भरून निघा.

सह्याद्री चढायला आता दोन वाटा आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यातला जवळजवळ ८ किलोमीटरचा जोडबोगदा सह्याद्रीच्या पोटातून काही मिनिटांत इगतपुरीला नेतो. रुग्ण न्यायचा असेल, माल पोचवायचा असेल तर तो वरदान आहे. सहलीला निघालेल्यानं जाताना तरी जुना थळघाट, म्हणजे कसारा घाट, चढावा. कारण बोगद्यात कोकण कुठे संपलं आणि देश कुठे सुरू झाला हे कळतच नाही. घाटात दमट हवा हळूहळू कोरडी होत जाते, खाली दऱ्यांतून रेल्वेचे बोगदे आणि पूल दिसतात, आणि माथ्यावर घाटनदेवी भेटते. घाट सुखरूप चढल्याबद्दल गाडीवाले तिथे नारळ फोडतात. याच घाटात दगडी घुमटाची टोपी घातलेली एक जुनी विहीर आहे. ती अहिल्याबाई होळकरांनी वाटसरूंसाठी बांधली, असं त्या भागात सांगतात.

नाशिकला बहुतेक गाड्या मिसळीपाशी थांबतात. थांबावंच. पण त्याआधी, शहरात शिरायच्या अलीकडे, महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर चढावं. पांडवलेणी या नावानं प्रसिद्ध असलेल्या या २४ लेण्यांचा पांडवांशी संबंध नाही. त्या बौद्ध भिक्षूंसाठी कोरल्या गेल्या. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून ठेवला आहे. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो तो तिथला. मला मात्र दहाव्या लेण्यातला लेख अधिक मोलाचा वाटतो. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताखाली, लांबच्या लांब ओळींत तो कोरलेला आहे. दान देणारा उषवदात, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला.

या लेखात उषवदात आपल्या दानांची यादी देतो. गाई, सोनं, गावं हे सगळं आहेच, राजघराण्यातला माणूस ते देणारच. पण पुढे तो सांगतो की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्यानं चौसोपी निवारे बांधले, विहिरी आणि तळी खोदली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली, आणि या नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा आणि पाणपोया उभारल्या. नावं नीट पाहिली की नकाशा उलगडतो. शूर्पारक म्हणजे नालासोपारा, गोवर्धन नाशिकजवळचं, भरुकच्छ म्हणजे भडोच आणि दशपूर म्हणजे माळव्यातलं मंदसौर. पारदा ही पार नदी, दमणा ही दमणगंगा, दाहनुका ही डहाणूची. म्हणजे कोकणच्या बंदरापासून घाट चढून नाशिक आणि तिकडे तापी ओलांडून माळवा, हा जो पट्टा आज आपण गाडीनं पार करतो, त्यावर प्रवाशाला उतरायला ओसरी, प्यायला पाणी आणि नदी ओलांडायला होडी मिळावी अशी व्यवस्था तेव्हा एका माणसानं लावली होती.

आणि ती टिकावी कशी याचाही विचार त्या काळात होता. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदातानं ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, १००० दुसऱ्या श्रेणीकडे. मुद्दल परत मागायचं नाही, त्यावरच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, पैसे द्यायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिकमध्ये विणकरांचा संघ ठेवी घेत होता, दर ठरवून व्याज देत होता आणि त्याची नोंद दगडावर होत होती. मागच्या भिंतीच्या त्या ओळींखाली उभं राहून खाली पाहिलं तर महामार्गावरून ट्रकची रांग चाललेली असते. या डोंगराला निदान अर्धा दिवस द्या.

नाशिक सोडलं की ओझर, पिंपळगाव बसवंत. द्राक्षं, टोमॅटो, कांदा. हंगामात रस्त्याकडेला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. मग सातमाळ्याच्या रांगेखाली चांदवड येतं. होळकरांच्या दख्खनेतल्या मुलखातलं हे महत्त्वाचं ठाणं. इथल्या टाकसाळीतला चांदवडी रुपया एके काळी दूरवर चालायचा. गावात होळकरांचा रंगमहाल आहे. लाकडी कोरीव खांब, भिंतींवरची चित्रं, आत विहीर. चांगले दिवस आणि दुर्लक्षाचे दिवस असे दोन्ही त्यानं पाहिले आहेत. डोंगरकपारीत रेणुकादेवीचं मंदिर आहे.

अहिल्याबाई या रस्त्यावर पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. ३१ मे १७२५ रोजी जामखेडजवळच्या चौंडीत जन्म, १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला मृत्यू. काशी विश्वनाथाचं मंदिर, गयेचं विष्णुपद, सोमनाथ ही त्यांची मोठी बांधकामं सगळ्यांना माहीत असतात. पण त्यांनी देशभर घाट, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभारली, त्यांतली कित्येक आडवाटेची आणि आकारानं लहान आहेत. देवदर्शनाला निघालेला माणूस वाटेत तहानेनं, थंडीनं किंवा पुरानं अडू नये, हा त्यामागचा विचार. उषवदाताच्या यादीशी ही यादी ताडून पाहिली तर विहीर, निवारा, नदीचा काठ हेच दोन्हीकडे आहे. मधे सोळाशे-सतराशे वर्षं गेली, राज्यं आणि धर्म बदलले, प्रवाशाच्या गरजा बदलल्या नाहीत.

राहुडचा घाट उतरला की मालेगाव. मोसम नदी, नारोशंकरांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट किल्ला आणि यंत्रमागांचा अखंड खडखडाट. इथले अनेक मोमीन विणकर १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून इकडे आले आणि स्थिरावले. आपण ज्या वाटेनं उत्तरेला चाललो आहोत, तिनंच एक अख्खं शहर खाली आणलं.

धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला रस्त्याला खेटून उभा आहे. त्याच्या कुरणात लांडोर बंगला नावाचं प्रवाशांसाठीचं जुनं निवासस्थान आहे. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा ते इथे राहिले. त्या मुक्कामाच्या आठवणीत दर ३१ जुलैला इथे भीमस्मृती यात्रा भरते. जवळच्या गावांतून आणि लांबून माणसं कुटुंबासह येतात, पावसात डोंगर हिरवा झालेला असतो, गाणी होतात, पुस्तकांची दुकानं लागतात. एका माणसाच्या छोट्याशा मुक्कामाची यात्रा व्हावी, हे मला या सगळ्या रस्त्यावरचं सगळ्यात हलवून टाकणारं सत्य वाटतं. ज्यांना गावातल्या पाणवठ्यावर आणि धर्मशाळेत जागा नव्हती, त्यांच्यासाठी आपला माणूस सरकारी बंगल्यात उतरला ही साधी घटना नव्हती. वाटेवरच्या सोयी सगळ्यांसाठी कधीच नव्हत्या, हेही या रस्त्याच्या इतिहासात मोजलं पाहिजे.

धुळे शहराला गाड्या वळसा घालून जातात. आत शिरा. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जनं खानदेशचं ठाणं म्हणून ते आखलं, आणि जुन्या पेठेतल्या सरळ गल्ल्या अजून क्रमांकानंच ओळखल्या जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले. त्यांच्या मृत्यूनंतर लगेच स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ त्यांची कागदपत्रं आणि जुन्या वस्तू सांभाळतं. श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांमधून नानासाहेब देवांनी गोळा केलेली हस्तलिखितं आहेत. महाराष्ट्राचा इतिहास पुण्यातच साठवलेला आहे असं समजणाऱ्यानं इथे एक सकाळ घालवावी.

आणि जेवावं. हिवाळ्यात आलात तर वांग्याचं भरीत. मोठी हिरवी वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे घालून बडगी या लाकडी भांड्यात कुटतात. सोबत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. उलट्या खापरावर भाजलेले, हातावर झुलवत मोठे केलेले मांडे. ढाब्यावर मिळते ती तिखटजाळ शेवभाजी. हे सगळं कॅराव्हॅनच्या चुलीवर होणारं नाही, आणि करूही नये. तिथल्या चुलीवर चहा, खिचडी आणि आजारी माणसाचा भात एवढंच करावं. घाटकोपरहून आणलेले ठेपले आणि खाकरे अडीअडचणीला ठेवावेत. श्रावणात कानबाईचा उत्सव आणि अक्षय्य तृतीयेला आखाजी, हे इथले मोठे सण. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी अहिराणीत म्हणतात.

पुढे सोनगीर. किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तापी ओलांडून शिरपूर, मग पळासनेर आणि सातपुड्याचा बिजासन घाट. घाटमाथ्यावर बिजासनी मातेचं देऊळ आणि पलीकडे सेंधव्याचा किल्ला. या घाटाच्या रखवालीचं काम इंग्रजांनी खाज्या नाईक या भिल्ल नायकाकडे दिलं होतं. १८५७ च्या उठावात तोच त्यांच्यावर उलटला, याच रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना त्यानं लुटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना भोंगऱ्या बाजार भरलेले दिसतात. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, होळीची खरेदी. पावरा आणि भिल्ल समाजाचा तो सण आहे. कॅमेरा गळ्यात अडकवून मुलींमागे फिरणारे पाहुणे तिथे नकोसे होतात, ते साहजिक आहे.

घाटांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. कॅराव्हॅन जड असते, टाक्या भरलेल्या असल्या की आणखी जड. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. इंदूरहून परतताना मानपूर आणि धामनोदच्या मधला गणपती घाट याच कारणानं अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला.

खलघाटला नर्मदा. धामनोदवरून महेश्वरला वळा आणि तिथे निदान दोन रात्री राहा. किल्ला, त्याच्या पायथ्याचे घाट, आणि मागच्या गल्ल्यांमध्ये हातमाग. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले. विसाव्या शतकात हा धंदा बुडत चालला होता, तो होळकर घराण्यातल्या मंडळींनी सुरू केलेल्या रेहवा सोसायटीनं पुन्हा उभा केला. वेळ असेल तर पूर्वेला सनावदजवळ रावेरखेडी गाठावी. २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव तिथे नर्मदाकाठच्या छावणीत वारले, वयाच्या चाळिशीच्या आत. सगळी हयात या वाटांवर घोडदौडीत घालवलेल्या माणसाचा शेवटचा मुक्काम तो.

महेश्वरहून इंदूरला जाताना पुन्हा महामार्ग धरू नका. मंडलेश्वरवरून विंध्याचा चढ चढा. माथ्यावर १७९१ चा जाम दरवाजा आहे, अहिल्याबाईंच्या काळातला. खाली निमाडचा सपाट मुलूख पसरलेला, समोर माळव्याचं पठार. तिथून महू जवळच. सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या छावणीत लष्करी शाळेत शिक्षक असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा, म्हणजे बाबासाहेबांचा, जन्म झाला. आज तिथे स्मारक आहे, रेल्वे स्थानकाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव आहे. जयंतीच्या दिवसांत देशभरातून लोक येतात आणि त्यात महाराष्ट्रातून येणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्या दिवसांत तुमची कॅराव्हॅन महूबाहेरच ठेवावी लागेल, कारण गावातली मोकळी जागा मंडपांनी व्यापलेली असते. आलेल्यांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय तिथे केली जाते, आणि पंगतीत कोण कुठल्या गावाहून आलं हे विचारायला शेजारचा माणूस उत्सुक असतो.